उजव्या डोळ्याची तोंडी परीक्षा

माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील ज्येष्ठ डॉक्टर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या डॉक्टरबाई, सगळ्या परिचारिका, आणि नेत्रविभागाच्या बाकांवर आमच्यासोबत ताटकळलेले पालकहो, नमस्कार.

रुग्णांच्या नातेवाइकांतर्फे मी बोलावं असं ठरलं. हातात कागद नाही, कारण आमच्या घरी सगळं पाठ करायची सवय. शाळेआधी आम्ही बहिणी आईकडेच शिकलो. ती कणीक मळता मळता पाढे, कविता म्हणायची, आम्ही मागून म्हणायचो. त्यामुळे शाळेत डोळे तपासायचे तेव्हा धाकटी रांगेत पुढच्या मुलींचं ऐकून तक्ता पाठ करायची आणि नंबर आला की दोन्ही डोळ्यांचा घडाघडा म्हणून दाखवायची. तिला वाटायचं, ही तोंडी परीक्षा आहे. आम्हाला तरी दुसरं काय वाटणार?

इथे तिला पहिल्यांदा आणलं, तेव्हा डॉक्टरबाईंनी तिचा डावा डोळा झाकला आणि विचारलं, "सांग बरं, मी हसतेय की रागावलेय?"

धाकटी म्हणाली, "हे आम्हाला नव्हतं."

आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत.

उजव्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या जन्मापासूनच फुगलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या होत्या. त्या डोळ्याची नजर गेली होती. मेंदूत तसा गुंता नाही, हेही बाईंनी तपासून घेतलं. आईने एवढंच विचारलं, "आधी आणलं असतं तर?"

"तरी हेच झालं असतं. यावर उपाय नाही. तुमची काही चूक नाही."

बाई खोटा धीर कधी देत नाहीत, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. पण जिन्यात आई मला म्हणाली, "चूक असती तर बरं झालं असतं गं. पोरीची माफी तरी मागता आली असती."

त्यानंतर दर खेपेला बाई स्टूल ओढून धाकटीच्या डाव्या बाजूला बसायच्या. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि तिने कधी विचारलं नाही.

बोलायची संधी दिलीत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सांभाळून घ्या. आणि धाकटीलाही माफ करा. ती पहिल्या रांगेत व्यासपीठाकडे जवळजवळ पाठ करून, वेडीवाकडी बसली आहे. बाई तिच्या शेजारीच आहेत, पण त्यांची खुर्ची आज तिच्या उजवीकडे आली आहे. ती त्यांचा चेहरा पाठ करते आहे.