जावईबापू आणि सहावी नळी

राग येऊ नये तर काय व्हावं, तुमीच सांगा. सुप्याच्या कारखान्यात भंगारात निघालेल्या मशीनच्या सहा काचेच्या नळ्या मी जपून ठेवल्या होत्या. आत नारिंगी आकडे पेटतात त्या. आता कुठं मिळत न्हाईत. त्यांचं घड्याळ केलं. पेटायला एकशेसत्तर व्होल्ट, पण करंट बेताचा. पाटाचं पाणी पाळीनं एकेका शेताला सोडतात, तसा करंट एकेका नळीला क्षणभर मिळतो. इतका भराभर, की सगळ्याच पेटलेल्या दिसतात.

इंजिनियर जावई आले. "मामा, उजेड लई मंद हाय," म्हणत त्यांनी रेझिस्टर बदलून करंट वाढवला. मग मोबाईलच्या फोटोत आकडे लुकलुकायला लागले, म्हणून फिरणारी पाळीच सहाव्या नळीवर थांबवली; बाकीच्या पाच विझल्या, पण ती एकटी झगझगीत पेटली.

मी म्हणालो, "बापू, एकाच वाफ्यात पाणी तुंबलं. बांध फुटंल."

"मामा, तुमचं शिक्षण किती?"

फोटो झाले, चहा झाला. तोवर सहावी नळी आतून काळी पडून विझली.

"जुनीच हुती," जावई म्हणाले.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोनं डोळे वटारले. माझी नळी जाळली त्यांनी, अन् जाताना टॉवेल-टोपी देऊन पाया पडलो मी!