शंभराला अठरा

...आणि वर तो खाटीकदादा मलाच म्हणतो, "ताई, वजनकाटा बदला." आता तुम्हाला सांगते, काटा नवाकोरा, मी त्यावर आधी साखर तोलली, मग रवा तोलला, दोन्ही बरोबर, मग एकट्या खिम्याच्याच बाबतीत तो खोटं कशाला बोलेल? शंभराला अठरा म्हणजे अठरा.

तर झालं काय, मध्यंतरी आमच्या ह्यांच्या छातीत दुखलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खिमा चालेल, पण चरबी शंभराला दहाच्या आत हवी, नाहीतर उकडलेला भोपळा, आयुष्यभर. 'आयुष्यभर' ऐकून ह्यांचा चेहरा असा काही उतरला की मी, जिनं जन्मात खिमा चाखला नाही, ती चरबी मोजायला बसले. सोपं असतं हो... शंभर ग्रॅम खिमा पाण्यात उकळायचा, गार करून फ्रिजमध्ये ठेवायचा, वर चरबीची चकती धरते, ती अलगद उचलून तोलायची. पातेलं गॅसवर चढवायचं आणि तेवढ्यात आपला जप उरकून घ्यायचा. चार रविवार मोजलं. शंभराला अठरा. चारही रविवारी ह्यांनी भोपळा खाल्ला, मुकाट्यानं. चकती जरा पिवळट दिसायची, म्हटलं, बोकडानं काय खाल्लं असेल कुणास ठाऊक.

खाटीकदादांना तरी किती बोलायचं? "ताई, तुमच्यासमोर पांढरं सगळं काढलं, आता काय सुरीच तुमच्या हातात देऊ?" शेवटी देवालाच म्हटलं, बाबा, आकडा दहाच्या आत आण, वर्षभर तुपाला हात लावणार नाही.

पाचव्या रविवारी जपाची माळ तुटली, मणी वेचत वेचत स्वयंपाकघराच्या दारात आले, बघते तर सासूबाई पातेल्यावर वाकलेल्या आणि हातात तुपाचा चमचा.

"अगं, नुसत्या पाण्यात शिजवतेस? आजारातून उठलाय माझा लेक. दर रविवारी मीच घालते, तुला जपात कुठे भान असतं."

दर रविवारी... आणि मी त्या बिचाऱ्या खाटकाला...

दुसरा शंभर ग्रॅम खिमा घेतला, जप बाजूला ठेवला, पातेल्याशी पहारा दिला. शंभराला आठ. ह्यांनी दोन वाट्या खिमा खाल्ला, खाटीकदादांची मी माफी मागितली, देव पावला, सगळं नीट झालं.

आणि बोलल्याप्रमाणे त्या दिवसापासून मी तुपाला हात लावत नाही... आता तुपाची बरणी सासूबाईंच्या ताब्यात असते.