न सरणारं रीळ

माजं माहेर लांज्याच्या आत, हायवेपासून दोन कोस चालत. आमच्या वाडीत लाईट आली तेव्हा मी सातवीत व्हते आणि माजा बापूस पेटलेल्या बल्बला हात जोडायचा, तेव्हा काय सांगू तुमाला, मला काय ठाऊक की माजा सगळा जन्म ह्या लाईटीच्याच पाठी जायचा. बापूस भातशेतीतला, दोघे भाऊ मुंबईला, मी एकटी पोर घरात. लांज्याला काजूच्या बिया फोडायला जायची, त्या बियांच्या चिकानं बोटं काळी पडायची, साल निघायची. तर बगायला आले तेव्हा आमचे हे माज्या हातांकडंच बगत बसले, तोंडाकडं मान वर करून बगितलंच नाय. आये घाबरली, म्हणाली डाग जातील हो, कामाचे आहेत ते. तर हे म्हणतात, डाग नाय बगत, बोटं बगतोय, बारीक आहेत, माज्या कामाला बरी. पाहुणे गेल्यावर आये म्हणाली, हा बायको शोधतोय की गडी?

गडीच शोधत व्हते म्हणा ना. मुंबईला एका कारखान्यात मोटरी भरायचं काम शिकून आले आणि रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या उतारावर एका गाळ्यात दुकान टाकलं. भरायचं म्हंजे काय, तर मोटर जळली की आतली जुनी तार छिन्नीनं तोडून काढायची, खाचा साफ करायच्या, त्यात कागद घालायचा, नवीन तारेचे वेढे साच्यावर घ्यायचे आणि मंग ती तार हाताहातानं खाचेत बसवायची, बांबूच्या पट्टीनं दाबायची. वर वार्निश. मोठे पंजे त्या खाचेत जात नायत. माजे जायचे. लग्नाला महिना झाला नव्हता तर मी हळदीच्या हातानं पंखा भरत व्हते, आणि खरं सांगू, मला ते आवडलं. भाकरी थापली की खाऊन संपते, पण मी भरलेला पंखा लोकांच्या घरात धा-धा वर्षं फिरतो. अजून कोणाकडं गेले तर मी आधी वर बगते.

आमच्या ह्यांची एक रीत व्हती. मोटर भरून झाली की त्याच तारेचा चार बोटं तुकडा घ्यायचा, गिऱ्हाईकासमोर ब्लेडनं त्याचं टोक खरवडायचं, वरचं इनॅमल गेलं की आतलं लाल तांबं दाखवायचं आणि तो तुकडा मोटरीच्या कडीला बांधून द्यायचा. बिल कोणी मागत नसे, तुकडा मागायचे. बागायतदार, बर्फाच्या कारखान्यातले, होडीवाले, सगळे म्हणायचे वयनी, आमचा तुकडा राहिला. हे गेले, छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत गेले, तर तेराव्याला आलेल्या एकानं मला हळूच विचारलं, आता तुकडा कोण बांधणार? म्हटलं मी आहे की. मंगेश तेव्हा आयटीआयला व्हता, माजा मुलगा, तो पण दुकानात बसायला लागला.

पूर्वी तांब्याचा भाव कोण विचारीत नसे. आता चहावाला पण सांगतो वयनी आज तांबं चढलं. कोण म्हणतं बॅटरीच्या गाड्यांनी खाल्लं, कोण म्हणतं सगळं जगच तांबं ओढतंय, मला काय कळत नाय, मला एवढं कळतं की सकाळचा भाव दुपारी नसतो आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करून जातं. आणि जातं कुठं, तर चौकात नवीन दुकान झालंय, ते अ‍ॅल्युमिनियमची तार भरतात, निम्म्यात काम. आता तुमी लिवताय तर नीट लिवा हां, मी अ‍ॅल्युमिनियमला वाईट म्हणत नाय. पंख्याला चालतं. मोटरीला पण चालतं, पण त्याला तार जाडी लागते आणि जुन्या मोटरीची खाच तांब्याच्या मापानं केलेली, मंग बारीक तार कोंबतात आणि ती तापते. आणि त्याचे जोड आमच्या खाऱ्या हवेत टिकत नायत. पण सांगून द्यावं. अ‍ॅल्युमिनियम आहे म्हणून सांगावं, मंग द्यावं, एवढंच.

तर असं गिऱ्हाईक तुटत चाललेलं, आणि तेव्हा एक विक्रेता आला, बाहेरगावचा, गोड बोलणारा, तारेचं रीळ घेऊन. म्हणाला ताई, थेट कारखान्यातनं आणतो म्हणून स्वस्त पडतं. मी काय लगेच घेणारी नव्हे. ब्लेड घेतलं, त्याच्या तोंडासमोर तार खरवडली, लालभडक तांबं. मंगेश म्हणाला आये, घे. घेतलं. रीळ वायच फुगीर दिसत व्हतं, म्हटलं गुंडाळणी सैल असेल.

आता ऐका. एवढ्या वजनाच्या रिळात पाण्याच्या पंपाच्या चार मोटरी भरतात, हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. ह्या रिळात चार झाल्या. पाचवी झाली. रीळ आपलं तसंच. आणि तार इतकी मऊ, माजी बोटं आता सांध्यात धरतात ना, तर त्या तारेनं बोटं दुखायची थांबली. मला काय वाटावं? मला वाटलं देवानं बगितलं. ह्यांनी वरनं सांगितलं असेल, म्हटलं, बाईकडं लक्ष द्या. मी त्या रिळाला रोज सकाळी जास्वंदीचं फूल वाहायला लागले, हसू नका, खरंच वाहिलं. गावच्या देवळात जाऊन गुरवाकडनं गाऱ्हाणं घातलं, बा देवा महाराजा, तुज्या लेकराचं रीळ सरू देऊ नको. गुरव म्हणाला कसलं रीळ? म्हटलं तुमी घाला ओ, देवाला कळतंय. सहावी भरली, सातवी भरली. सगळ्यांना तुकडे बांधले, खरवडून, दाखवून.

आणि मंग गोळपच्या बागेतली मोटर परत आली. पहिलीच, तीन महिन्यांत जळून. मंगेश म्हणाला व्होल्टेज. आमच्या धंद्यात काय पण झालं की व्होल्टेज म्हणायचं असतं, आणि खोटं पण नसतं म्हणा, आमच्याकडं संध्याकाळी पंखे जांभया देतात. पण मी ती उघडली, छिन्नी लावली, जळलेला जुडगा एका घावात तोडला आणि बगितलं तर टोकं पांढरी. एकेक तार वरनं लाल आणि आतनं पांढरी. एका ठिकाणी तर वितळून पांढरे मणी झालेले. तांबं असं वितळत नाय हो. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याची साल चढवलेली तार व्हती ती, हलकी, म्हणून तेवढ्याच वजनात लांबी जास्त. खरवडलं की लालच दिसणार. पकडीनं तोडली तरी टोक चेपतं आणि वरचं लाल पसरतं, म्हंजे तिथं पण कळत नाय. ह्यांनी शिकवलेल्या रितीत मी कधी आत बगितलंच नव्हतं. आणि जे माज्या हातांना कळायला पायजे व्हतं, वजन, मऊपणा, न सरणं, त्याला मी फुलं वाहत व्हते.

मला फसवलं त्याचा राग आला नाय तेव्हा, तो नंतर आला, आणि त्या विक्रेत्याचा फोन तर लागलाच नाय. तेव्हा एवढंच मनात आलं की सात जणांच्या मोटरीवर तुकडा बांधून मी माज्या हातानं खोटं सांगितलं, आणि ते ह्यांच्या नावाच्या पाटीखाली. मंगेश म्हणाला आये, गप राहा. ज्याची जळेल तो येईल, तेव्हा फुकट भरून देऊ. आता सांगत सुटलीस तर उद्या आपल्याकडं कोण येईल? तो काय वाईट नाय, त्याला पोरंबाळं आहेत, त्याचं चुकलं असं मी अजून म्हणत नाय. पण मी म्हटलं, मंगेश, आता शिमगा झाला, पुढं वैशाख, विहिरी तळाला जातात, तेव्हा मोटर जळली की आपली मोटर जळत नाय, त्यांचं पाणी जातं. आणि मी सातही घरं तोंडपाठ सांगितली. चांगली तांब्याची तार मागवायला माज्या पाटल्या निघाल्या, तो विषय तिथंच सोडा.

जवळपासच्या सहांपैकी कोण चिडले, कोण म्हणाले कशाला सांगायला आलात, चालतंय ते चालू दे. एकानं मोटर काढून दिली आणि भरून नेल्यावर परत दुकानात पाय ठेवला नाय. बरोबर आहे त्याचं. शेवटची राहिली नाटे गावातली.

नाट्याला बारा घरांची एक विहीर, आणि तिचा पंप सांभाळणारे तांडेलमामा. आयुष्यभर होडी चालवलेला माणूस, आता गुडघे गेलेत म्हणून पंप चालवतो, सकाळ-संध्याकाळ पाणी सोडतो. मी एसटीनं गेले, बरोबर पकड आणि कानस. दारात मांडव. मामा खुशीत, म्हणाले बरी इलस बाय, उद्या नातीचं लगीन, आता रव. चहा आला. मोटरीच्या कडीचा माजा तुकडा मामांनी स्विचच्या पेटीला बांधलेला, टोक चकाकतंय. मी तो सोडला, त्यांच्यासमोर कानशीनं घासला. लाल गेलं, पांढरं आलं. आणि सगळं सांगितलं, जास्वंदीच्या फुलासकट.

मामा उभे राहिले. एवढं मोठ्यानं बोलले की मांडवातली माणसं थांबली. म्हणाले हे आज सांगतस? उद्या माज्या दारात चारशे माणसं जेवतली आणि तू आज सांगतस? मी म्हटलं मामा, मोटर द्या, मी भरून आणते. तर म्हणाले मोटर हलवायची नाय, टँकरवाला दोन दिवस नाय म्हणतोय. म्हटलं, आणि चालता चालता जळली तर? रागानं म्हणाले, तर तूच बस तिच्यापाशी.

मी बसले. रागाचं बोलणं व्हतं ते, पण मला त्यात वाट दिसली. हात लावला की मोटर किती तापलीय ते मला कळतं, एवढं तरी त्या बोटांत राहिलंय. तापायला लागली की बंद करायची, ओलं फडकं बाहेरनं टेकवायचं, निवली की चालू. लग्नाच्या दिवशी पहाटेपासनं विहिरीच्या काठावर गोणपाट टाकून बसले, एक हात मोटरीवर. तिकडं सनई वाजतेय, इकडं कळश्या घेऊन बायका खोळंबलेल्या, म्हणतायत अगो बये, नवरीला कोण एवढं धरून बसत नाय. मी म्हटलं नवरी जळत नाय ना. मंग हसल्या, आणि मंग त्यांनीच भांडी ओळीनं लावून दिली, कमी पाण्यात भागवायला लागल्या. मुहूर्ताच्या अक्षता मी तिथनंच टाकल्या, मांडवाच्या दिशेनं. चारशे पानं उठली. मोटर जळली नाय.

उन्हं कलली तेव्हा मामा काठी टेकत आले, स्वतः पान वाढून घेऊन. पान ठेवलं, माजा हात उलटा करून बगितला, तळवा लाल झालेला. म्हणाले, भाजलस काय गो? तेव्हा मी रडले. दोन महिने रडले नव्हते, तिथं जेवणावर बसून रडले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच नटबोल्टांना पाने लावून मोटर सोडवून दिली. मंगेशनं आणि मी एका दिवसात भरली. मंगेश सगळ्या मोटरींना हात लावत व्हता पण बोलत नव्हता. ह्या शेवटच्या मोटरीचा तुकडा मी तोडला तर म्हणाला आये, कानस इकडं दे. त्यानंच घासला, आतपर्यंत, लालच. आणि मोटर घेऊन नाट्याला तोच गेला. परत येऊन सांगतो, मामांनी तुकडा घेतला, आणि घरातली कानस मागवून परत घासून बगितला, आणि मंग बांधला. मंगेशला वाईट वाटलं व्हतं. मला बरं वाटलं. तपासून बांधला ना, आता तो टिकेल.

आता दुकानात कानस पुढंच टांगलेली आहे, गिऱ्हाईक स्वतः घासतं. ज्याला तांबं परवडत नाय त्याला मी अ‍ॅल्युमिनियम भरून देते, नीट, पंख्यापुरतं, आणि तुकडा पांढरा बांधते. परवा एक जण म्हणाला वयनी, तार पांढरी चालेल पण तुकडा तेवढा लाल बांधा, शेजारी बगतात. काय सांगू तुमाला, माणसाचं असंच. गिऱ्हाईक पयल्यासारखं नाय राहिलं. बोटं पण नाय राहिली. मंगेश बगतो सगळं, त्याला देव बरं करो, आणि तुमच्या घरातला पंखा पण फिरता राहो, जाताना बगते मी तो.

त्या देवळात परत गेले, गाऱ्हाणं फिरवायला, मागितलेलं मागं घ्यायला. गुरव म्हणाला आता काय मागायचं? म्हटलं, सरायचं ते सरू दे. आता, चौथी मोटर भरून झाली आणि रीळ रिकामं झालं की मी ते हातात घेते, फिरवून बगते, आणि सरलं म्हणून हात जोडते.