कडी तेवढी राहू दिलीय

—लावा की हात, काय होत न्हाय. टफन काच हाय ती, पोरानं बॉल मारला तरी फुटत न्हाय असं अमरेश म्हनतो. अमरेश म्हंजे माझा ल्योक, त्यो काय समोर टेबलापशी फोनवर बोलत बसलाय त्यो. मघाशी त्यानंच न्हाय का तुमाला आत धाडलं — जावा, आतनं बघा, अव्वा सांगती समदं? ती अव्वा मी. येईल त्या गिऱ्हाइकाला मीच सांगते. बसा की कॉटवर, उभ्या कशाला? दुकान न्हाय हे ताई, माझी खोली हाय. म्हंजे — दुकानच म्हना आता. पुढं हॉलमधी त्याचं हापिस, हितं मी, मधी ही काच. सँपल म्हनून हेच दावतो त्यो. तर लाकूड बघा. जुनं सागवान. लोकं घरं पाडत्यात, दारं-चौकटी भंगारात घालत्यात, ह्यो त्या उचलून आनतो, रंधा मारतो, पट्ट्या काढतो आनि मधी काच बसवतो. नवं झाड तोडाय नको, दिवसा लाईट लावाय नको, एसीचा गारवा भाईर जायाला नको. झालं माझं पाठ. इचारा आता काय इचारायचं ते.

कडी? आत्ता कसं बोललात! सगळे पयलं त्या कडीलाच हात लावत्यात. चांगली दिसती न्हवं? लोखंडी हाय, जुनी. शोभेला ठेवलीय, घालता येत न्हाय, पलीकडं कोयंडाच न्हाय. ह्याच खोलीच्या दाराची ती. व्हय की, हितं दार होतं. भिंत बी होती. बाकीच्यांच्या चौकटी दुसऱ्यांच्या घरच्या लाकडाच्या, ही तेवढी माझ्याच दाराची. दोन वर्सामागं मी हितं पडले ताई. पूजेला बसताना आतनं कडी घातलेली, उठताना पाय मुडपला आनि कंबर धरली. हाका मारल्या, पन ह्याचं भाईर कटरचं मशीन चाललेलं, कोन ऐकतंय? सकाळी पडले ती ह्यो दुपारी जेवाय बोलवाय आला तवा कळलं. खांद्यानं दार फोडलं त्यानं. खांदा सुजला होता नंतर. मला उचलली आनि रडला, लहान पोरागत रडला. म्हनला, अव्वा, हितनं पुढं तू मला दिसत ऱ्हायची, बास. महिन्यात भिंत गेली, काच आली. माया हाय त्याची, मी कुटं न्हाय म्हनते? लोकांची पोरं ढुंकून बघत न्हाईत, ह्यो दिसभर बघतो. — हसा जरा. हसा की हो, मान वर केली त्यानं. ऐकू न्हाय जात त्याला, दोन पदरी काच हाय, नुसतं दिसतं. तुमी हसलात की त्याला वाटतं अव्वा झ्याक सांगती.

पडदा? अग यव्वा, पडदा लावल्यावर गिऱ्हाईक काय बघनार? लुगडं बदलायचं ते न्हानीत. दुपारी आडवी झाले तरी तोंडावर पदर घेऊन. एकदा डोळं उघडलं तर कोन इंजिनेर माझ्या पायापशी टेप लावून मापं घेतोय! उठून बसावं का तसंच पडावं कळंना मला. पडूनच ऱ्हायले, मेल्यागत. आनि रडू आलं तर? येतंय की कधीमधी, म्हातारं मानूस हाय. भिंतीकडं तोंड केलं तरी ह्याला कळतं, धावत येतो — अव्वा, काय दुखतंय, डॉक्टर बोलवू? आता त्याला काय सांगू, तू बघतोयस ते दुखतंय म्हनून सांगू? एवढ्या मायेच्या पोराला असं बोलवत न्हाय बाई. जीभ रेटत न्हाय.

आनि ती पूजा. आमी लिंगवंत. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, आनि त्याच्याकडं बघत बसायचं — दुसरं कुटं बघायचं न्हाय, दुसऱ्यानं बघायचं न्हाय. ते आपलं आपल्याशी असतं. माझ्या सासूनं बी कधी माझी पूजा डोकावून बघितली न्हाय, आनि ती बया काय बघायचं सोडत नव्हती! तर एका गिऱ्हाइकानं मोबाईलवर शूटिंग केलं. उन्हाची तिरीप काचेतनं येती, लाकडावर पडती, मग माझ्या हातावर. अमरेशला लई आवडलं. जाहिरातीत टाकलं. अक्कलकोटची नणंद फोन करती, वैनी, तुमची पूजा बघितली, काय उजेड पडलाय! शिवशिव. तवापासनं गिऱ्हाइकाला वेळच देतो सकाळची, पूजेची. मी पाठ करून बसले तर येऊन हळूच म्हनतो, अव्वा, जरा हिकडं तोंड कर की, पाठ बरी दिसत न्हाय. मग मी काय करते सांगू? नको. ऱ्हाऊ द्या. — न्हानीत करते. उभ्यानं. नळ सोडून. तितं बी कडी काढलीय त्यानं, पन निदान दार हाय, फायबरचं का असंना. देवाला घेऊन न्हानीत उभी ऱ्हाते मी, ह्या वयात. आनि हितं गिऱ्हाइकापुढं बसते ती नुसता हात पुढं करून बसते, तळहातावर काय न्हाय माझ्या. हे कुनाला बोलले नव्हते ताई. तोंडातनं निघालं बघा.

तुमी मंद्रूपच्या म्हनलात न्हवं? माझं माहेर तितलंच. सोमलिंग माझा भाऊ, बाजाराच्या मागं घर हाय त्याचं. मागच्या अंगाला एक खोली हाय, अंधारी हाय, उंदरं हायत, पन दार हाय आनि आतनं कडी लागती. आठ दिस ऱ्हाते, जास्ती न्हाय. ह्याला इचारलं की न्हाय म्हनत न्हाय त्यो, म्हनतो नेतो की, आनि मग — तितं पडलीस तर कोन बघनार? झालं, पुन्हा कॉटवर. तुमी गाडी घेऊन आलाय, मला भावाकडं सोडा. त्याला एवढंच म्हना, अव्वांना आमचं घर दावाय नेतो, काच कुटं शोभंल ते त्याच सांगतील. गिऱ्हाइकाला न्हाय म्हनायचा न्हाय त्यो. पिशवी भरायची गरज न्हाय. काचेच्या घरात पिशवी कुटं लपवनार? दोन लुगडी ह्या उशीच्या अभ्र्यात घातलीत. तुमी मघापासनं टेकलाय न्हवं, तीच उशी.

नेता? — हो म्हनलात का? देव भलं करो तुमचं. थांबा, लगेच उठू नका, त्यो बघतोय. जरा काचेवर हात फिरवा, माप घेतल्यागत. हां. तर घर नवं बांधलंय व्हय? काच कुटं लावायची, हॉलला का हापिसाला?

कुनाच्या खोलीला?

सासूबाईंच्या. — पडल्या व्हय. — आतनं कडी घालून. — दार फोडाय लागलं. — व्हय. स्वैपाकघरातनं दिसत ऱ्हातील. व्हय, तुमाला घोर न्हाय. त्यास्नी इचारलंत का? — न्हाय, असंच. मला बी कोन इचारलं नव्हतं. तुमचं बी बरोबरच हाय, माया हाय तुमची.

ती उशी द्या हिकडं.

द्या म्हनते न्हवं. — ये रं अमरेश, ये. झालं, समदं सांगितलं मी, ताईंना पसंत हाय. न्हाय ताई, मी कुटं तुमच्या घरी येऊ, माझी कंबर हाय का चांगली? अमरेश, तूच जाऊन मापं घे. आनि ताई, सासूबाईंचं ते फोडलेलं दार भंगारात घालू नका. त्याचीच चौकट करंल ह्यो. कडी तेवढी राहू दे म्हना. चांगली दिसती.