चार नंबरचा खुळखुळा

— नाही मास्तर, माझ्याकडं नका बघू, पडद्याकडं कान द्या. नियम म्हणजे नियम. वाजवणारा आपल्याला दिसायचा नाही, आपण त्याला दिसायचं नाही, आणि पंचाच्या तोंडून ब्र निघायचा नाही. आता मी कुजबुजतोय, त्याला बोलणं म्हणत नाहीत. केंटकीच्या या जत्रेत फिडलच्या स्पर्धेला पूर्वी पंच समोर बसायचे — मग काय, जो तो आपल्या मेव्हण्याला बक्षीस देऊन मोकळा! म्हणून हा पडदा.

तीन नंबर कसा वाटला? मला तर पोटात कळ आली. तुम्ही शाळेत बँड शिकवता, तुमचं मन मोठं. मी जन्मभर गवयांच्या मागं उभं राहून फिडल वाजवलीय. नॅशव्हिलच्या रेकॉर्डींवर गवयाला जिथं हुंदका येतो ना, तो हुंदका माझा — त्याचा नुसता जबडा हलतोय. नाव कुठं छापलं? छे! एक टोपी दिली. तीही घट्ट. तेव्हा माझ्या तोंडून कौतुक सहज निघत नाही. मी 'ठीक' म्हणालो म्हणजे तोफा उडाल्या असं समजायचं. माझ्या बायकोला, ओपलीनला, एवढं समजलं नाही.

शूः! चार नंबर. — ऐकलंत? फिडल उचलताना खुळखुळ झालं? सापाच्या शेपटीचा खुळखुळा तो, रॅटलस्नेकच्या. आमच्यात फिडलच्या पोटात टाकतात, उंदीर फिरकत नाहीत, दमट हवेत आवाज बसत नाही. पण असा दणदणीत खुळखुळा दुसऱ्या कुणाकडं नाही. तो साप मी मारला! लग्न ठरलं तेव्हा ओपलीनला अंगठीऐवजी तोच दिला — म्हणजे अर्धा. अर्धा तिच्या भावानं मागून घेतला, होबार्टनं. फुकट मिळालं तर तो विषही मागेल. तर चार नंबर म्हणजे आमची ही. सांगू नका कुणाला.

वाजवते कशी बघा — वरची तार किरकिरली? दमट हवा हो! परवा आगीच्या बंबवाल्यांच्या पंगतीत लोकांनी मला सोडून तिला उभं केलं. मला! वाजवली तिनं, पाद्रीसुद्धा पायानं ताल धरत होता. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले, काय म्हणतो म्हणून. मी म्हटलं, "ठीक." झालं! फिडल उचलली न् गेली बहिणीकडं. म्हणते, "मी तुझ्यापेक्षा चांगली वाजवते असं चारचौघांत एकदा मोठ्यानं म्हण, मग ये." आता मी काय चौकात बोंबलत सुटू? मक्याची भाकरी करतो, तर कुत्रं हुंगून जातं. घर खायला उठतं मास्तर, खोटं कशाला बोलू. म्हणून म्हटलं, हा पडदा म्हणजे देव पावला — पहिला नंबर देऊन टाकायचा, तोंड उघडायला नको न् इज्जतही शाबूत. हे घ्या, दिले पैकीच्या पैकी. तुम्हीही द्या. द्या हो, तुमच्या खिशातून जातायत का? टाका पेटीत. हां!

चला, पाच नंबर. वाजव बाबा, वाजव, काय वाजवायचं ते —

थांबा. हे गाणं इथं कुणाला येत नाही. हे आमच्या स्वयंपाकघरात जमलं, तिचं न् माझं, शेंगा मोडता मोडता. बाहेर कधी वाजवलंच नाही आम्ही. म्हणजे ही... मग मघाचा तो खुळखुळा — अरे देवा! दुसरा अर्धा! होबार्ट! होबार्टला पैकीच्या पैकी दिले मी, न् तुम्हालाही द्यायला लावले! पेटीला कुलूप? किल्ली कुणाकडं? जाऊ दे, मरू दे ती पेटी. गप्प बसा.

ऐका ना. या वळणावर माझा गज दरवेळी घसरायचा. ती बघा कशी अलगद उतरली. मला नाही हो जमलं असं. कधीच नाही जमलं. चांगली वाजवते ती, माझ्यापेक्षा किती तरी चांगली — काय म्हणालात, तुम्हाला सांगून काय उपयोग? ते कळतंय मला.

बाहेर अख्खी कौंटी बसलीय ना? म्हणजे चारचौघं झालीच. हा पडदा कुठनं ओढतात? नियम गेला खड्ड्यात, काढा मला पंचातनं. हात सोडा मास्तर, संपत आलं तिचं. सोडा म्हणतो ना! — ओपलीन! अगं ए ओपलीन! ऐका हो सगळे —