सहावा रुमाल

दवाखान्यात मनगट शेकायला आलेल्या शिंपीणबाईंच्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याचा गुडघा टम्म सुजलेला आणि बायकोच्या हातात त्याच्या सरावाची वही. शिंपीणबाईंनी मासिक डोळ्यांपुढे धरलं आणि कान तिकडे लावले.

“सोमवारी पळणं. मंगळवारी सायकलने जंगलात, मग शर्यतीत असतं तसं नकाशा बघून रुमाल शोधणं. बुधवारी विश्रांती. अहो, विश्रांती घेऊन गुडघा सुजतो?”

“वय झालं गं.”

“रविवारी शर्यत आहे. खरं सांगा.”

“तू झाडांना सहा रुमाल बांधलेस ना, मला पाचच सापडले.”

“मला तर सहा म्हणालात!”

“तू पहाटे उठून रान तुडवलंस. पाच म्हणवेना. म्हणून बुधवारी गुपचूप गेलो, तीन तास शोधलं, शेवटी ओढ्यात आपटलो.”

“सापडेल कसा? बांधलाच नव्हता. सोमवारी लंगडत होतात, म्हणून एक कमी केला.”

“मग मी सहा म्हणालो तेव्हा बोलली का नाहीस?”

“इतक्या ऐटीत सांगत होतात!”

“डॉक्टर रविवारी नको म्हणाले तर?”

“तर घरीच खेळू. हा घ्या सहावा, पर्समध्येच होता. तुम्ही बसल्या जागी लपवा, मी शोधते. पण खरंच लपवा हं.”