बिनरंगाचं पॉलिश

(संध्याकाळ. जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल, त्यावर आईचा पसरलेला हात. लेकीपुढे स्पिरिट, कापूस आणि औषधाची छोटी बाटली.)

लेक: हात हलवू नकोस ना.

आई: हात कुठे हलतोय? मी हलतेय. दिवसभर भांड्यांशी वाकून कंबरेचा पार भुगा झालाय.

लेक: मी पण दिवसभर काउंटरवर उभीच होते. अंगठा दे. आई, हे नख जसंच्या तसं आहे गं.

आई: असू दे. माझ्याबरोबर म्हातारं झालंय ते.

लेक: अजून तसंच पिवळं. कड उलट आणखी उचललीय. मुळाशी थोडं तरी चांगलं नख दिसायला हवं होतं आतापर्यंत. डॉक्टर म्हणाले होते.

आई: म्हणायला त्यांचं काय जातंय!

लेक: आणि हे बोटांच्या बेचक्यात परत लाल? मलम लावतेस ना?

आई: लावलं की. खाज थांबली, मग उगीच कशाला ट्यूब नासायची?

लेक: झालं! खाज थांबली तरी सांगितलंय तितके दिवस लावायचं असतं. किती वेळा... जाऊ दे. थांब. मागचा थर कुठाय?

आई: कुठला थर?

लेक: औषधाचा. आठवडाभर राहतो तो. मी पुसायला बसलेय आणि पुसायला काहीच नाही इथे.

आई: भांडी घासून गेला असेल.

लेक: पाण्याने जात नाही. विचारलंय मी.

आई: डॉक्टरांनीच सांगितलं ना पुसायचं म्हणून?

लेक: नवा थर लावायच्या आधी! तू कधी पुसतेस?

आई: सकाळी.

लेक: कुठल्या सकाळी?

आई: दुसऱ्याच. कामावर निघताना.

लेक: तरीच स्पिरिट पुरत नाही! म्हणजे मी इथे मरमर मरून एकेका नखाला लावतेय, आणि तू...

आई: ओरडू नकोस, डोकं आधीच ठणकतंय. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात नखं रंगवलेली चालत नाहीत. तू लावलंस त्याच्या दुसऱ्याच दिवशी सुपरवायझर बाईंनी पकडलं. सगळ्यांसमोर. ‘मावशी, या वयात नेलपॉलिश?’

लेक: रंग कुठाय त्याला? पाण्यासारखं तर आहे.

आई: चमकतं ना पण.

लेक: मग सांगायचं, औषध आहे.

आई: कशाचं, म्हणून विचारलं असतं. काय सांगू? बुरशीचं? पेशंटची ताटं घासणाऱ्या हाताला बुरशी? त्याच पावली घरी पाठवलं असतं.

लेक: मग काय सांगितलंस?

आई: म्हटलं, लेकीने हौसेने लावलं. सगळ्या खो खो हसल्या. एक म्हणाली, आता कुणासाठी गं नटतेस? मीही हसले. काय करणार?

लेक: आई...

आई: जन्मात कधी नखाला रंग लावला नाही. आधी तुझ्या बाबांना आवडायचं नाही, मग ते गेले, मग हात कायमचे साबणात. आणि आता म्हातारपणी नटवी म्हणून नाव झालं. वाईट वाटलं गं. पण ते परवडलं. काम गेलेलं नाही परवडत.

लेक: आणि हे पसरलं म्हणजे? बाजूच्या बोटाला लागलंय बघ. आज ना उद्या त्यांना दिसणारच.

आई: मूठ मिटून ठेवते मी. भांडी घासताना तेवढी मिटता येत नाही.

लेक: उद्या मी येते. मी बोलते बाईंशी. हातमोजे मागू.

आई: तुझी रजा जाईल. शिवाय लेकीला वकील करून आणली म्हणतील.

लेक: मग करायचं काय?

आई: कंटाळा आलाय गं. भांड्यांचा नाही, या लपवाछपवीचा.

लेक: रडू नकोस. माझ्याही अंगात त्राण नाही आता.

आई: रडत नाहीये. स्पिरिट झोंबतंय डोळ्यांना.

लेक: बाटली बंद आहे, आई.

आई: बरं, असेल. उद्या मीच सांगते. औषध आहे म्हणावं, हातमोजे द्या. ठेवलं तर ठेवलं.

लेक: सकाळी पुसणार नाहीस?

आई: नाही पुसणार.

लेक: शप्पथ?

आई: तुझी शप्पथ. घे ती औषधाची बाटली. आणि अंगठ्याला जरा नीट लाव, बाहेर ओघळू देऊ नकोस. आता दाखवायचंय ते.